सिद्धरामेश्वरांचा तलाव कोणत्या कपाटात ठेवणार? सोलापूरच्या ग्रंथनिवड समित्यांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील सार्वजनिक वाचनालयांच्या ग्रंथनिवड समित्यांचे सन्माननीय सदस्य,

सविनय नमस्कार.

आर्थिक वर्ष संपत आलं की वाचनालयांत ग्रंथखरेदीची धांदल सुरू होते. अनुदानाचा हप्ता हाती आलेला असतो, तो मार्चअखेर खर्ची टाकायचा असतो, बिलं जोडायची असतात, पुस्तकं दाखल नोंदवहीत चढवायची असतात. अशा वेळी विक्रेत्याची छापील यादी टेबलावर येते. सूट किती टक्के, हे आधी विचारलं जातं आणि पुस्तकांची नावं नंतर वाचली जातात. कधी तीही वाचली जात नाहीत, संचच्या संच उचलला जातो. शीर्षकं भारदस्त, बांधणी पक्की, किंमत भरमसाट, आणि आत कुठून कुठून उतरवून काढलेला मजकूर. अशी पुस्तकं मी कपाटांत पाहिली आहेत. वर्षं लोटली तरी त्यांच्या मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नसतो.

मी सोलापूर शहराच्या पूर्व भागात वाढले. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दोन्ही आणि शिवाय कन्नड. वडील यंत्रमागावर होते, आई विड्या वळायची. पाठ्यपुस्तकाबाहेरचं पहिलं पुस्तक मला वाचनालयानेच दिलं आणि आज मी माध्यमिक शाळेत शिकवते, त्यातही त्या पुस्तकाचा वाटा आहे. त्या हक्काने आपल्याकडे एक मागणी करते आहे. कथा-कादंबऱ्या आपण हौसेने घेता, त्या घेतच राहा. पण माणसाची स्वतःची श्रद्धा, समाजाचे प्रश्न आणि नव्या कल्पना, नवे शोध या तीन विषयांवरची ललितेतर पुस्तकं निवडायला वेगळा वेळ द्या, आणि ती वाचून निवडा.

या तीन विषयांची मोट मी एकत्र का बांधते आहे, असं आपल्याला वाटेल. सोलापूरकराने सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभं राहिलं तरी याचं उत्तर मिळतं. बाराव्या शतकात, सोन्नलगी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात, सिद्धरामेश्वरांनी तळं खोदलं. पावसाचा भरवसा नसलेला हा मुलूख. पाणी कुठे अडवायचं, बांध कसा घालायचा, हा कारागिरीचा आणि अकलेचा भाग. ते पाणी कुणाकुणाच्या घागरीत जाणार, हा समाजाचा भाग. आणि हे सगळं त्यांनी केलं ते शिवाची सेवा म्हणून. तिन्ही गोष्टी एकाच खड्ड्यात, एकाच कुदळीने झाल्या.

त्यातही परंपरेत एक प्रसंग सांगतात, तो मला फार मोलाचा वाटतो. शरण संत अल्लमप्रभू गावात आले आणि त्यांनी तलाव खोदून घेण्यात गुंतलेल्या सिद्धरामांना ‘वड्डर’ म्हणून हाक मारली. दगड फोडणारा, माती उपसणारा. खोदकामावरचे भक्त चिडले, दगड घेऊन धावले. पुढे दोघांचा जो संवाद झाला, त्याचा गाभा असा की एवढं लोकोपयोगी काम करताना ‘हे मी केलं’ ही भावना आत शिल्लक राहते का, आणि राहत असेल तर त्या पुण्याचं काय करायचं? त्यानंतर सिद्धराम कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, बसवेश्वरांसोबतच्या शिवभक्त शरणांच्या मेळ्यात गेले. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या अंकिताने, म्हणजे रचनेत सहीसारख्या येणाऱ्या नावाने, त्यांनी कन्नडमध्ये वचनं रचली. समाजसेवा करणाऱ्याने आतून स्वतःला तपासावं, हा प्रश्न या गावात आठशे वर्षांपूर्वी उघड्यावर, मातीच्या ढिगाशेजारी विचारला गेला.

आता या तलावावर कुणी नीट अभ्यास करून पुस्तक लिहिलं, तर आपण ते कुठे ठेवणार? मोठ्या वाचनालयांत मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली मांडलेली दशांश पद्धत वापरतात. तिच्यात धर्म २००, सामाजिक शास्त्रं ३०० आणि तंत्रज्ञान ६००, म्हणजे तीन वेगळ्या भिंतींना तीन कपाटं. तालुक्याच्या आणि गावच्या वाचनालयांत एवढंही नसतं. तिथे कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, धार्मिक आणि उरलेलं सगळं ‘संकीर्ण’. माझ्या पाहण्यात समाजाच्या प्रश्नांवरची आणि शोधांवरची बहुतेक पुस्तकं या संकीर्णात जातात. पाककृती, पत्रिका, घरगुती औषधं, स्पर्धा परीक्षांच्या जुन्या मार्गदर्शिका, आणि त्यांच्यात कुठेतरी यंत्रमाग कामगारांवरचा एखादा चांगला अभ्यास. वाचकाला तो सापडणार कसा? क्रमांक बदला असं मी म्हणत नाही. पण एक फळी अशी ठेवता येईल की जिथे ही तिन्ही प्रकारची पुस्तकं शेजारी शेजारी असतील आणि दारातून आत येणाऱ्याला ती दिसतील.

श्रद्धेच्या कपाटाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण ते सगळ्यांत भरलेलं आहे आणि तरीही रिकामं आहे. पोथ्या आहेत, महात्म्यं आहेत, स्तोत्रसंग्रह आहेत, चमत्कारांच्या कथा आहेत. ज्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, अक्कलकोट आहे, मंगळवेढा आहे, सावता महाराजांचं अरण आहे, तिथे ती असायलाच हवीत. लोक ती भक्तीने नेतात, भक्तीने परत आणतात. माझा त्यांना विरोध नाही. पण एखाद्या माणसाने ‘माझा विश्वास कसा होता, तो कुठे डळमळला, कशामुळे बदलला, आज मी कुठे उभा आहे’ हे प्रामाणिकपणे सांगितलेलं पुस्तक त्या कपाटात शोधलं तर क्वचितच हाती लागतं. आणि ऐन अडचणीच्या वेळी माणसाला तेच हवं असतं. घरात मृत्यू झालेला असतो, मुलगी परधर्मातल्या मुलाशी लग्न करायचं म्हणत असते, नवस फेडूनही आजार हटत नसतो. अशा वेळी महात्म्य वाचून धीर येतो, हे खरं. पण आपल्यासारखंच कुणी गोंधळलं होतं आणि त्यातून वाट काढत गेलं, हे वाचलं की धीरासोबत विचारही येतो.

मराठीत अशी पुस्तकं नाहीत असं नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आपल्या प्रत्येक वाचनालयात असेल, पण ते आत्मचरित्रांत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. त्या लगेच त्यांच्या मागे गेल्या नाहीत. पाच वर्षं त्या आपल्या सोवळ्या-ओवळ्याशी, आपल्या माणसांशी, आपल्या मनाशी झगडल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या श्रद्धेपासून स्वतःची श्रद्धा वेगळी काढून पाहणारी बाई, हे त्या पुस्तकाचं खरं बळ. धर्म हा ज्यांना आतला प्रश्न वाटतो, त्यांच्या हाती ते ‘धार्मिक’ म्हणूनही द्यायला हवं. माझ्या वर्गातल्या मुली घरच्या श्रद्धेबद्दल वर्गात बोलायला बिचकतात. असं एखादं पान मोठ्याने वाचून दाखवलं की बोलू लागतात.

तसंच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी तो लिहिला आणि त्यांच्या निधनानंतर १९५७ साली तो प्रसिद्ध झाला. तो धर्मावरचा ग्रंथ आहे. दुःख कशाने येतं, माणसाने माणसाशी कसं वागावं, आत्मा मानायचा की नाही, याची त्यात मांडणी आहे. पण अनेक ठिकाणी तो ‘आंबेडकरी साहित्य’ अशी पाटी लावलेल्या वेगळ्या कपाटात असतो, आणि त्या कपाटापाशी कोण जातं, कोण जात नाही, हे आपल्याला माहीत आहे. ज्ञानेश्वरीच्या शेजारी, वचनांच्या शेजारी, कुराणाच्या मराठी भाषांतराच्या शेजारी तो ठेवा. कपाटं जातीवार लागली की वाचकही जातीवार लागतात.

एका वाचनालयात मी धर्माची चिकित्सा करणारी काही पुस्तकं सुचवली होती. तिथले एक पदाधिकारी अगदी सौजन्याने म्हणाले, “मॅडम, वाद नको. दोन सभासद चिडले तर वर्गणी कोण भरणार?” त्यांची अडचण मला कळते. पण ज्या महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या, तिथे वाचनालयानेही गप्प बसायचं ठरवलं तर मग विचार करायचा कुठे? देवाधर्माला विरोध नाही, धर्माच्या नावावर होणाऱ्या शोषणाला विरोध आहे, ही त्यांची भूमिका होती. त्या वर्षाच्या शेवटी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्यात काय आहे, काय नाही, हे सांगणारं सोपं पुस्तक आपल्याकडे आहे का, एवढं तपासून पाहा. भाविकाला आणि चिकित्सकाला एकाच टेबलावर बसून वाचता येतं असं वाचनालयाएवढं ठिकाण गावात दुसरं कुठलं आहे?

समाजाच्या प्रश्नांचं म्हणाल, तर या जिल्ह्याने ते पुस्तकांच्या कितीतरी आधी रस्त्यावर पाहिले. १९४७ साली पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात साने गुरुजी उपोषणाला बसले, ते विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून. १ मे ते १० मे. उपोषणाआधी त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला, गावोगावची देवळं आणि पाणवठे खुले करण्याचं आवाहन केलं. ज्या चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे, त्यांच्या समाजाला आत जायला सहा शतकं लागली. हा प्रश्न श्रद्धेचा की समाजाचा? ज्यांना आत जायचं होतं त्यांनाही विठ्ठलच हवा होता. या लढ्याची साधार हकीकत सांगणारी पुस्तकं निदान पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला, माळशिरस या तालुक्यांच्या वाचनालयांत ठळक जागी असावीत, असं मला वाटतं. वारीच्या दिवसांत तर नक्कीच.

आणि आजचे प्रश्न? विड्या वळणाऱ्या बायका या शहरात हजारोंनी आहेत. १९६६ चा विडी आणि सिगार कामगार कायदा त्यांच्यासाठी होता, २०२५ साली त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, दोऱ्याने बांधायचं, तोंड बंद करायचं, असं दिवसाला हजाराच्या हिशेबाने. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा भुर्दंड बाईवर. तंबाखूची धूळ घरभर, बाळाच्या पाळण्यापर्यंत. आई संध्याकाळी बोटं ताणून ताणून मोकळी करायची, ते मला अजून दिसतं. तंबाखू वाईट हे सगळ्यांनाच कळतं. तो धंदा गेला तर या हातांना काय काम, हे कुणी सांगत नाही. या पेचावर विचार करणारं, आकडे देणारं, बायकांशी बोलून लिहिलेलं पुस्तक आपल्या कपाटात असेल तर ते पुढे काढा. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती गोदूताई परुळेकरांच्या नावाने. एवढ्या गरीब बायकांनी बचत, मोर्चे आणि सरकारी योजना यांची सांगड घालून घर मिळवलं, ही आपल्याच शहराची गोष्ट आहे. शाळेतल्या मुलांना परदेशातल्या क्रांत्या पाठ असतात, ही ठाऊक नसते.

“अशी पुस्तकं कोण मागतं?” हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. ज्यांना वाचता येत नाही, किंवा वाचायला सवड नाही, ते मागणार कसे? केरळात कण्णूरकडे विडी कामगारांनी यावर आपला तोडगा काढला होता. एकाने वर्तमानपत्र, पुस्तक मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या वाट्याच्या विड्या आपसांत वाटून वळून द्यायच्या. हात कामात, कान पुस्तकात. क्युबातल्या सिगार कारखान्यांत तर १८६५ पासून ही प्रथा आहे. तिथे वाचून दाखवणाऱ्याचा पगार कामगार स्वतः वर्गणी काढून देत. सोलापुरात विडी घरकुलात, दत्त नगरात, आठवड्यातून एक दुपार एखादं वाचनालय माणूस पाठवून वाचून दाखवू शकणार नाही का? त्यासाठी इमारत लागत नाही, फर्निचर लागत नाही. शाळेतल्या मोठ्या मुली हे आनंदाने करतील. माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मी वाचून दाखवलेल्या मजकुरावर ती जे प्रश्न विचारायची, ते मला पुढे बीएडच्या वर्गातही कुणी विचारले नाहीत.

भाषेचंही असंच. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या कितीतरी गावांत घरची भाषा कन्नड आहे. पूर्व भागात तेलुगू आहे, शहरात उर्दू आणि दखनी बोलणारे भरपूर आहेत. सिद्धरामेश्वरांची वचनं मुळात कन्नड, आणि त्यांच्याच गावच्या वाचनालयात कन्नड ललितेतर पुस्तकांसाठी एखादी फळीसुद्धा नसावी, हे मला पटत नाही. दोन भाषांत एकत्र छापलेली पुस्तकं निघतात, ती आवर्जून घ्या. आजी कन्नड वाचेल, नात मराठी.

आता तिसरा विषय, नव्या कल्पनांचा. या कपाटाची स्थिती मला सगळ्यांत जास्त सलते. इथे ‘यशस्वी व्हा’, ‘श्रीमंत व्हा’, ‘सकाळी लवकर उठा’ या धाटणीच्या पुस्तकांची रांग आहे, आणि परदेशी अब्जाधीशांची भाषांतरित चरित्रं आहेत. मुलं ती नेतात, मलाही दाखवतात. त्यांतली काही वाचनीय आहेतही. पण मुलाला वाटू लागतं की शोध ही परदेशातल्या एखाद्या गॅरेजमध्ये घडणारी गोष्ट आहे. नान्नजला घडणारी नाही.

नान्नजलाच घडलेली एक गोष्ट. उत्तर सोलापूर तालुक्यातल्या या गावाला लोक माळढोक अभयारण्यामुळे ओळखतात. तिथले द्राक्ष बागायतदार नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसच्या बागेत एका वेलीवर वेगळी काडी हेरली. मणी इतरांपेक्षा लांबट. दुसरा कुणी असता तर ‘एखादी काडी असते अशी’ म्हणून पुढे गेला असता. त्यांनी ती राखली, तिची कलमं केली, पारखली, आणि त्यातून ‘सोनाका’ हे वाण आलं. काळ्या द्राक्षांतलं ‘शरद सीडलेस’ही त्यांचंच. निसर्गात आपोआप झालेला बदल नजरेने टिपायचा, तो टिकतो का ते हंगामामागून हंगाम पाहायचं, आणि मग इतर शेतकऱ्यांच्या हाती द्यायचा. हेच संशोधन. द्राक्षाच्या पेटीवर ‘सोनाका’ वाचणाऱ्या सोलापुरातल्या किती मुलांना ठाऊक आहे की ते शहरापासून हाकेच्या अंतरावरच्या माणसाच्या नजरेतून आलं?

दुसरी गोष्ट आपल्या चादरीची. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, याचा आपण अभिमान बाळगतो. पण चादरीवरचं ते नक्षीकाम मागावर उतरतं कसं? मागाच्या डोक्यावर जकार्ड बसवलेलं असतं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एकमेकांना दोऱ्याने गुंफलेली लांबलचक माळ त्यावरून फिरते. धोट्याच्या एका फेरीला एक पुठ्ठा. जिथे भोक आहे तिथे सुई आरपार जाते, तिच्याशी जोडलेला आकडा वर उचलला जातो आणि त्याच्यासोबत उभा धागा उठतो. भोक नसेल तर धागा खालीच राहतो. आडवा धागा या वरच्या-खालच्या धाग्यांमधून निघून जातो. असे पुठ्ठ्यामागून पुठ्ठे पुढे सरकतात आणि कापडावर वेलबुट्टी उमटत जाते. फ्रान्समधल्या लिऑन शहरातल्या जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केलं. भोक आहे किंवा नाही, एवढ्याच दोन खुणांत यंत्राला आज्ञा देता येते, ही त्यातली कल्पना. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी ती उचलली. पुढे हर्मन हॉलरिथ यांनी अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेची मोजणी भोकं पाडलेल्या कार्डांवर केली आणि तिथून वाट संगणकापर्यंत गेली. माझे वडील ज्या पुठ्ठ्यांच्या माळेखाली उभं राहून तुटलेले धागे जोडायचे, तिथून या वाटेचा एक टप्पा हाताच्या अंतरावर होता. हे मला समजलं ते नोकरीला लागल्यावर, एका इंग्रजी पुस्तकातून. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कामगाराच्या मुलाला ते आठवीत असताना, मराठीतून, आपल्या वाचनालयात वाचायला मिळालं पाहिजे. असं पुस्तक मिळत नसेल, तर ते लिहून घेण्याची ताकद आपल्या जुन्या, मोठ्या संस्थांमध्ये आहे. विणकामाचे मास्टर, नक्षी काढणारे, पुठ्ठे पाडणारे कारागीर अजून हयात आहेत. इलेक्ट्रॉनिक जकार्ड आलं आहे, जुने माग भंगारात चालले आहेत, तेव्हा हे काम आता व्हायला हवं.

आणि नवी कल्पना म्हणजे यंत्रच, असंही नको. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड आणला, आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं त्यांचं संशोधन १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम असा की पाणी जमिनीच्या मापाने वाटायचं नाही, घरातल्या माणसांच्या मापाने वाटायचं, भूमिहीनालाही हक्क द्यायचा, आणि ऊस लावायचा नाही. उजनीचं पाणी, साखर कारखाने आणि काही दिवसांआड येणारा शहराचा नळ, हे सगळं रोज पाहणाऱ्या जिल्ह्याने तर हा प्रयोग मुळापासून वाचायला हवा. पटेल न पटेल, वाचू तर द्या.

पुस्तक निवडायचं कसं, याबद्दल माझं साधं मत आहे. लेखकाला ही गोष्ट कुठून कळली, हे पुस्तकात दिसतं का ते पाहावं. तो तिथे गेला होता का, कुणाशी बोलला, काय वाचलं, कुठे अडखळला? श्रद्धेवरच्या पुस्तकात शंकेला जागा आहे का? समाजावरच्या पुस्तकात ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांचा आवाज आहे का? शोधावरच्या पुस्तकात फसलेले प्रयत्न सांगितले आहेत का? उद्योगपती वालचंद हिराचंद याच सोलापुरात १८८२ साली जन्मले. त्यांच्या सिंदिया या जहाज कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून निघाली, हे सगळे सांगतात. पण त्यानंतर इंग्रज कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून त्यांना कसं घेरलं, हे ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक मुलाला खरं काही शिकवतं. नुसत्या आरत्या ओवाळणारं चरित्र बाजूला ठेवा, मग ते कितीही सवलतीत मिळो.

त्यासाठी खरेदी एकट्या मार्चवर सोडू नये. नियमांच्या चौकटीत राहून वर्षातून दोन-तीनदा थोडी थोडी घेता येईल. समितीत एखादी विडी कामगार बाई, एखादा मागावरचा कामगार, एखादी महाविद्यालयीन मुलगी यांना बोलावता येईल. मतदानाचा हक्क नसला तरी चालेल, त्यांचं ऐकून तर घ्या. प्रत्येक सदस्याने खरेदीआधी निदान एक ललितेतर पुस्तक पूर्ण वाचावं आणि त्याबद्दल पाच ओळी लिहाव्यात. त्या ओळी पुस्तकाच्या आतल्या बाजूला चिकटवा. ग्रंथपाल ताई-दादांना या बैठकीत मानाने बसवा. कोणतं पुस्तक कोण मागतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, आणि तुटपुंज्या मानधनावर तेच हे घर सांभाळतात. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार डॉ. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ १२ ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो, फोटोला हार घालतो. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यांनी १९३१ सालीच सांगून ठेवलं आहे. त्या दिवशी हाराबरोबर वाचकांची मागणी वहीही टेबलावर ठेवा, आणि मागच्या वर्षीच्या मागण्यांपुढे ‘घेतलं’ किंवा ‘नाही घेतलं, कारण अमुक’ असं लिहा.

माझी शेवटची विनंती कामकाजाची आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर ‘ग्रंथखरेदीचे धोरण’ हा स्वतंत्र विषय घ्यावा आणि वर्षभरात घेतलेल्या पुस्तकांची यादी, किमतीसह, सभेच्या आठ दिवस आधी सूचना फलकावर लावावी. मी ज्या वाचनालयाची सभासद आहे तिथल्या सभेला येणार आहे. या तिन्ही विषयांवरच्या, मी स्वतः वाचलेल्या मराठी पुस्तकांची यादी सोबत आणेन. इतर वाचनालयांना हवी असेल तर त्यांनाही पाठवीन. कन्नड आणि तेलुगू पुस्तकांसाठी त्या भाषा वाचणारे सहकारी शिक्षक मदत करायला तयार आहेत.

आपली नम्र,
पूर्व भागातील एक सभासद वाचक,
सोलापूर